मातीवर उरलेली कविता



लोणच्याची बरणी आपल्याकडे घरोघर असते. तिला आपण ‘चिनी मातीची बरणी’ म्हणतो. ती बरणी आपल्याच देशात भाजलेली असते, तिची मातीही इथलीच असते. नाव तेवढे चीनचे. याचे कारण उघड आहे. माती कडक आचेवर भाजायची, तिच्यावर काचेसारखी झिलई चढवायची आणि तेल, मीठ, आंबट कशालाही दाद न देणारे भांडे करायचे, ही विद्या चिनी कुंभारांनी फार लवकर हस्तगत केली. पुढे त्यांनी शुभ्र, पातळ, टिचकी मारली की घंटेसारखी वाजणारी भांडी केली. साऱ्या जगाने ती डोक्यावर घेतली, आणि त्या मालाला त्या देशाचेच नाव पडले.

या भांड्यांच्या रंगाविषयी, नाजुकपणाविषयी आणि किमतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज मला त्यांच्या एका निराळ्या गुणाविषयी बोलायचे आहे. चिनी कुंभाराने आपल्या भांड्यावर फुले काढली, मासे काढले, डोंगर काढले. तशीच त्याने कविताही लिहिली. हजार-बाराशे वर्षे तो ती लिहीत होता. भांडे हे वापरायची वस्तू. ते फुटते, फेकले जाते. कविता जपायला ग्रंथ असतात, पंडित असतात, राजाची ग्रंथशाळा असते. असे असूनही ग्रंथांनी जे जपले नाही ते पुष्कळ वेळा या फुटक्या भांड्यांनी जपले आहे. ते कसे, हे आता पाहू.

आधी चिनी लिपीविषयी दोन शब्द सांगतो. आपल्या लिपीत अक्षर म्हणजे एक ध्वनी. चिनी लिपीत एक चिन्ह म्हणजे बहुधा एक सबंध शब्द. तेथे एक लहानसा काव्यप्रकार फार लोकप्रिय होता. त्यात ओळी चार आणि प्रत्येक ओळीत चिन्हे पाच, म्हणजे वीस चिन्हांत कविता पुरी. तेव्हा सुरईच्या पोटावर, तोटीच्या खाली जी चार बोटे जागा उरते, तेवढ्यात अख्खी कविता मावते. शिवाय चीनमध्ये लिहायचे साधन आणि चित्र काढायचे साधन एकच, ते म्हणजे कुंचला. भांड्यावर पक्षी काढणारा हात तोच कुंचला शाईऐवजी लोहयुक्त रंगात बुडवून चार ओळीही लिहू शकत होता. मात्र कच्ची माती रंग तत्काळ शोषून घेते. एकदा कुंचला टेकला की टेकला. खोडता येत नाही, पुसता येत नाही. वर झिलई द्यायची आणि भांडे भट्टीत लावायचे. भट्टीतून निघालेले अक्षर मग पाण्याने जात नाही, वाळवीने जात नाही आणि शेकडो वर्षे जमिनीत पुरले तरी जात नाही.

भांड्यावर सर्रास कविता लिहिण्याची ही चाल ज्यांनी पाडली, ते कुंभार कुणा राजधानीतले नव्हते. दक्षिण चीनमध्ये हूनान प्रांतात चांगशा नावाचे शहर आहे. त्याच्या उत्तरेस शियांग नदीच्या काठी तुंगक्वान नावाचे गाव आहे. तांग घराण्याच्या काळात, विशेषतः इसवी सनाच्या नवव्या शतकात, तेथे भट्ट्यांची रांगच्या रांग धगधगत होती. थोर कवी तू फू आयुष्याच्या अखेरच्या काळात होडीने या भागातून गेला आणि वाऱ्यामुळे त्याला याच तुंगक्वानला थांबावे लागले, असे त्याच्या कवितेवरून दिसते. पुढे या भट्ट्या विझल्या आणि विसरल्या गेल्या. इसवी सन १९५० नंतरच्या दशकात संशोधक तेथे पोचले, उत्खनने झाली आणि ढिगाऱ्यांतून अक्षरे बोलू लागली.

ही भांडी काही राजदरबारी नव्हती. खरे सांगायचे तर ती पांढरी शुभ्र चिनी मातीही नव्हे. ती आपल्या लोणच्याच्या बरणीच्या जातीची, करड्या-पिवळसर झिलईची, दणकट भांडी. दारूच्या सुरया, चहाचे वाडगे, तेलाच्या कुप्या, अशी बाजारात खपणारी. उत्तरेकडच्या नामांकित भट्ट्यांची पांढरी भांडी आणि पूर्वेकडची हिरवी भांडी यांच्याशी त्यांना टक्कर द्यायची होती. तशी माती आणि तशी झिलई चांगशाच्या कुंभाराजवळ नव्हती. मग त्याने झिलईखाली रंगकाम केले, आणि त्या रंगानेच कविता लिहिली. म्हणजे आरंभी ही कविता गिऱ्हाईक ओढण्याची युक्ती होती. काही भांड्यांवर तर कवितेऐवजी सरळ जाहिरातच आहे. आमच्या घराण्याची निमुळत्या तोंडाची सुरई साऱ्या जगात नावाजलेली आहे, असे एक घराणे म्हणते; दुसरे घराणे म्हणते की आमचीच सुरई पहिल्या नंबरची. बाराशे वर्षांपूर्वीची ही बाजारातली चढाओढ वाचताना हसू येते, आणि त्या माणसांविषयी जवळीकही वाटते.

पण जाहिरात तेवढी असती तर आज हा विषय घेतला नसता. या भांड्यांवर आजवर शंभराहून अधिक निरनिराळ्या कविता सापडल्या आहेत. त्यांत काय आहे? निरोप घेणारा मित्र आहे. सीमेवर गेलेला शिपाई आणि घराची ओढ आहे. वसंतातली पाखरे आहेत, दारूचा कैफ आहे, अभ्यास न करणाऱ्या मुलाला दिलेला टोमणा आहे. एका सुरईवर तर फार हृदयस्पर्शी तक्रार आहे. दोन माणसांचे मन जुळले आहे, पण जन्म जुळलेले नाहीत. एक फार आधी जन्मला, दुसरे फार उशिरा. आणि आता एकाला दुसऱ्याच्या उशिरा जन्मण्याची खंत, दुसऱ्याला पहिल्याच्या लवकर जन्मण्याची. वीस चिन्हांत सगळे आटोपले आहे. ही कविता आजही चीनमध्ये पुष्कळांना तोंडपाठ आहे. ती रचली कुणी? ठाऊक नाही. सुरईवर कवीचे नावच नाही.

आता यातली महत्त्वाची गोष्ट ऐका. १७०५ साली मांचू घराण्याच्या कांगशी बादशहाने तांग काळातल्या समग्र काव्याचा संग्रह करण्याची आज्ञा दिली. विद्वान कामाला लागले आणि सुमारे ४९,००० कविता आणि २,२०० हून अधिक कवी एकत्र करणारा प्रचंड संग्रह सिद्ध झाला. एवढ्या मोठ्या जाळ्यातून काय निसटले असेल, असे कुणालाही वाटेल. पण चांगशाच्या सुरयांवरच्या कवितांपैकी मोजक्याच त्या संग्रहात सापडतात. बाकीच्या कोणत्याही पोथीत नव्हत्या. पंडितांनी त्या ऐकल्या असतील, नसतील. लिहून ठेवाव्या अशा त्या त्यांना वाटल्या नाहीत. कारण त्या दारूच्या गुत्त्यातल्या, नदीच्या धक्क्यावरच्या, व्यापाऱ्यांच्या आणि गायिकांच्या तोंडच्या होत्या.

त्या तोंडीच होत्या याचा पुरावाही भांड्यावरच आहे. पुष्कळ ठिकाणी चिन्ह चुकलेले आहे. उच्चार बरोबर, पण चिन्ह दुसऱ्याच शब्दाचे. पोथी समोर ठेवून नकल करणाऱ्याच्या हातून अशा चुका कमी होतात. ऐकलेले लिहिणाऱ्याच्या हातून त्या हमखास होतात. शिक्षकबंधूंना हे निराळे सांगायला नको. शुद्धलेखनाच्या वहीतली अशी चूक पाहिली की मुलगा कानाने लिहितो आहे हे आपण ओळखतो. तसा हा कुंभार कानाने लिहीत होता. त्याची ही अशुद्धे आज संशोधकांना मोलाची वाटतात, कारण त्या काळचे उच्चार त्यांतून कळतात. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांची स्थिती अशीच नाही का? ओवी रचणाऱ्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक नसते. कुणीतरी ती ऐकली, उतरवून घेतली, म्हणून ती उरली. फरक इतकाच की तेथे उतरवून घेणारा कुंभार होता आणि त्याची वही मातीची होती.

ही मातीची वही किती दूर गेली, तेही पाहण्यासारखे आहे. १९९८ साली इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ समुद्राच्या तळाशी एक बुडालेले जहाज सापडले. ते खिळ्यांनी ठोकलेले नव्हते. त्याच्या फळ्या दोरांनी शिवलेल्या होत्या. अशी शिवलेली गलबते अरबी समुद्रात चालत, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पूर्वी ती बांधीत. या एका जहाजात सुमारे ६०,००० भांडी निघाली, आणि त्यांतली बहुतेक सगळी चांगशाची. वाडगे मोठ्या रांजणांत एकात एक चळत लावून भरले होते. एका वाडग्यावर कोरलेल्या तिथीवरून ते इसवी सन ८२६ मधले ठरते. हा माल पश्चिम आशियाकडे निघाला असावा. त्यांतल्या काही वाडग्यांवर चिनी कविता आहेत, तर काहींवर अरबी लिपीसारखी वळणे काढलेली आहेत. म्हणजे कुंभाराला न वाचता येणारी अक्षरे त्याने परक्या गिऱ्हाइकासाठी काढली, आणि गिऱ्हाइकाला न वाचता येणारी कविता त्याने सवयीने लिहिली. दोघांच्याही दृष्टीने ती निव्वळ नक्षी! तरीही ती कविता समुद्रतळाशी अकराशे सत्तर वर्षे वाचकाची वाट पाहत राहिली. आज तो ठेवा सिंगापूरच्या संग्रहालयात आहे.

चांगशानंतर ही चाल उत्तरेकडे त्झूचौच्या भट्ट्यांनी उचलली. सुंग घराण्याच्या काळात आणि नंतरही तेथे भाजलेल्या मातीच्या उशा होत असत. आपल्याला कठीण उशीचे नवल वाटेल, पण उन्हाळ्यात ती गार लागते. या उशीच्या पांढऱ्या पाठीवर काळ्या-तपकिरी रंगात कविता लिहीत. वाटसरूने अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा अशा धर्तीचा उपदेश, नाहीतर एखादे ऋतूचे गाणे. दिवसभर राबलेला माणूस त्या शब्दांवर डोके ठेवून झोपे.

पुढे चौदाव्या शतकापासून चिंगतेचेन या नगराने सगळ्यांना मागे टाकले. तिथली माती अस्सल पांढरी, आणि तिच्यावर निळ्या रंगाचे चित्र. मिंग घराण्याच्या अखेरच्या काळात, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजवाड्याच्या मागण्या आटल्या. तेव्हा खाजगी भट्ट्यांनी नवे गिऱ्हाईक शोधले. ते म्हणजे शिकलेले गृहस्थ आणि सधन व्यापारी. छापील सचित्र पुस्तके त्या वेळी पुष्कळ निघत होती; त्यांतली चित्रे आणि वचने भांड्यांवर उतरू लागली. या भांड्यांपैकी एका जातीच्या वाडग्याची हकीकत मुद्दाम सांगतो.

सुंग काळात सू तुंगपो नावाचा थोर कवी होऊन गेला. तो सरकारी अधिकारी होता. राज्यकारभारातल्या नव्या योजनांवर त्याने कवितांतून टीका केली, असा आरोप ठेवून १०७९ साली त्याला पकडले. त्याच्या कविताच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडल्या गेल्या. काही महिने तुरुंगात काढल्यावर त्याला ह्वांगचौ या आडगावी पाठवण्यात आले. पगार जवळजवळ बंद, घरात खाणारी माणसे पुष्कळ. तेव्हा त्याने एक पडीक जमीन घेतली, दगड वेचले आणि भात-गहू पेरले. ती जमीन पूर्वेच्या उतारावर होती. ‘तुंगपो’ याचा अर्थच पूर्वेचा उतार. म्हणजे ज्या नावाने चीन त्याला ओळखतो ते नाव त्याच्या शेताचे आहे! तेथे असताना १०८२ साली मित्रांसह तो रात्री होडीतून नदीवर गेला. वर चंद्र, बाजूला लाल कडा. इसवी सन २०८ मध्ये लाल कड्यापाशी मोठी लढाई झाली होती. त्या वीरांची त्याला आठवण झाली. ते वीर गेले, नदी वाहतेच आहे. मग माणसाने कशाचा शोक करावा आणि कशात समाधान मानावे, असा विचार करणारी गद्यपद्यमय रचना त्याने केली. ११०१ साली तो वारला. त्यानंतर काही काळ तर त्याच्या ग्रंथांवर बंदी आली आणि छपाईचे ठसे नष्ट करण्याचे हुकूम सुटले.

आणि पाचशे वर्षांनंतर तीच रचना चिंगतेचेनच्या वाडग्यांवर निळ्या अक्षरांत उतरली. एका बाजूला होडी, कडा आणि चंद्र. उरलेल्या गोलाईवर ओळींमागून ओळी. काही वाडग्यांवर शेकडो चिन्हांची ती सबंध रचना बारीक अक्षरांत लिहिलेली आहे. वाचायची तर वाडगा हातात फिरवीत जावे लागते. ज्याचे शब्द सत्तेने पुसू पाहिले, त्याचे शब्द घरोघरच्या मेजावर आले. ठसे जाळता येतात. पण हजारो वाडगे कोण गोळा करणार?

यानंतर भांड्यावरची कविता राजवाड्यात शिरली, आणि तिचे रूप पालटले. कांगशी बादशहाच्या काळातले बारा महिन्यांचे बारा पेले प्रसिद्ध आहेत. अंड्याच्या कवचासारखे पातळ, प्रत्येकावर त्या त्या महिन्याचे फूल, आणि पाठीमागे त्या फुलावरची दोन ओळींची जुनी कविता. चित्र आणि शब्द यांचा असा मेळ क्वचितच पाहायला मिळतो. पण आता हात कानाने लिहिणाऱ्या कुंभाराचा राहिला नव्हता. नमुना ठरलेला, ओळी निवडलेल्या आणि अक्षर निर्दोष. चूक नाही, पण चुकेबरोबर येणारा माणसाचा आवाजही नाही.

कांगशीचा नातू चिएनलुंग याने तर कमाल केली. हा १७३५ पासून १७९६ पर्यंत गादीवर होता, आणि त्याच्या नावावर ४०,००० हून अधिक कविता आहेत. १७४६ साली त्याने चहावर एक कविता केली. आंब्याच्या मोहोरासारखे नाजूक प्लमचे फूल, चिलगोजे आणि एक सुवासिक लिंबूवर्गीय फळ घालून केलेला तो चहा. ती कविता पेल्यांवर लिहवून दरबारी चहापानात ते पेले वापरीत. इथवर ठीक. पण जुन्या भांड्यांचाही त्याला मोठा शोक. सुंग काळातली ‘रू’ नावाची निळसर-हिरवी भांडी आज जगात शंभरसुद्धा उरलेली नाहीत. त्यांचे सौंदर्यच असे की वर एक रेघसुद्धा नको. यांपैकी कित्येक भांड्यांच्या बुडावर बादशहाने स्वतःच्या कविता कोरून घेतल्या. एका लांबट उथळ भांड्यावरच्या कवितेत, हे कुत्र्याच्या पिलाला जेवू घालायचे भांडे असल्याच्या समजुतीचा उल्लेख आहे! तैपेईच्या राजसंग्रहालयात ही भांडी आजही पाहता येतात.

आता हा हिशेब मांडून पाहा. सगळ्या तांग काळाच्या उरलेल्या कविता ४९,००० च्या आसपास, आणि एकट्या बादशहाच्या ४०,००० हून अधिक. त्याच्या कविता टिकाव्यात म्हणून छापखाने होते, कारागीर होते, आणि राज्यातली उत्तमोत्तम भांडी होती. त्या टिकल्याही. पण त्यांतल्या किती लोकांच्या ओठांवर आहेत? उलट, जन्म न जुळलेल्या त्या दोघांची तक्रार एका साध्या सुरईने सांभाळली, आणि ती आज लोक आवडीने म्हणतात. कविता जगवायला दोन गोष्टी लागतात असे यावरून दिसते. एक, ती कुणाच्या तरी मनातली खरी असावी लागते. दुसरी, कुणीतरी ती कशावर तरी लिहून ठेवावी लागते. पहिली गोष्ट राजाज्ञेने होत नाही. दुसरी मात्र साध्या माणसाच्याही हातची आहे.

ज्यांना चिनी भांडी प्रत्यक्ष पाहायची असतील त्यांनी मुंबईस गेल्यावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जरूर जावे. सर रतन टाटा यांनी जमवलेल्या कलावस्तूंमधील चिनी मातीची भांडी तेथे आहेत. मुलांना नेलेत तर रंगाबरोबर, भांड्याच्या अंगावर आणि बुडाशी काही लिहिले आहे का तेही पाहायला सांगा.

पण त्यासाठी मुंबईलाच जायला हवे असे नाही. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची जुनी रीत आहे. तांब्यापितळेच्या घागरीवर, परातीवर, समईवर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाव, लग्नाची किंवा बारशाची तिथी ठोकलेली असते. कुणा आत्याने भाच्याला दिलेला पेला, कुणा आईने लेकीला आंदण दिलेला हंडा. ही कविता नव्हे, हे खरे. पण ज्या बायकांची नावे सातबाऱ्यावर नाहीत, बखरीत तर नाहीतच, त्यांची नावे कित्येकदा एवढ्याच एका जागी लिहिलेली असतात. आणि आपण काय करतो? भांडे जुने झाले की ते मोडीत घालतो. वजनाचे पैसे येतात, नाव भट्टीत जाते. चांगशाच्या कुंभाराचे अक्षर भट्टीत गेल्याने पक्के झाले. आपले अक्षर भट्टीत गेले की वितळते.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. येत्या सुटीत मुलांना एवढेच काम द्या. घरातली जुनी भांडी उजेडात आणायची, चिंचेने घासायची, त्यांवर जे लिहिले असेल ते जसेच्या तसे वहीत उतरवायचे, आणि आजीला विचारायचे की ही बाई कोण? शुद्धलेखन सुधारू नका. चूक असेल तर चुकीसकट उतरवा. चार-दोन वर्षांत गावाची एक वही तयार होईल. तिच्यात राजे नसतील. पण आपल्या गावात कोण होते आणि कुणी कुणाला मायेने काय दिले, हे तिच्यात असेल.